इंजेक्शनाची चोरचोळी

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझी ओटी भरली तेव्हा माझ्या पोटात मूल नव्हतं. कमरेत टोचून घेतलेल्या दोन इंजेक्शनांनी माझी पाळी बंद पाडली होती, आणि त्या बाईला वाटलं होतं सुनेला दिवस गेले. हिरवी चोळी, नारळ, गहू, हळकुंडं. मी पाटावर बसलेली आणि नवरा दारात बूट घालून उभा.

तिथपर्यंत मी कशी पोचले ते सांगते. चिडून सांगणार आहे, हे आधीच कबूल करते. थंड डोक्यानं लिहिलेलं वाचायचं असेल तर दवाखान्यात गुळगुळीत कागदाची पत्रकं फुकट मिळतात. त्यावर गोरंपान बाळ असतं आणि आत कुणाचंच काही दुखत नाही. हे त्या बाईसाठी आहे जी आज तसलं पत्रक पर्समध्ये घालून घरी आलीय आणि जिला कुणी नीट काही सांगितलेलं नाही.

सगळ्यांचंच दुखतं

माझं माहेर सिल्लोडचं. शाळेत असल्यापासून पाळीचे दिवस म्हणजे मी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करून पडलेली. आई म्हणायची, "सगळ्यांचंच दुखतं. तू काय जगावेगळी आहेस का?" डॉक्टर म्हणाले, लग्न झालं की कमी होतं. लग्न झालं. कमी झालं नाही. मग दुसरे डॉक्टर म्हणाले, एक मूल झालं की राहतं बघा. मूल होईना. म्हणजे दुखण्यावर औषध काय, तर मूल. आणि मूल का होत नाही, तर दुखणं. वा रे वा! या गोल गोल फिरवण्याची फी मी वर्षानुवर्षं भरली.

मी ब्लाउज शिवते. पुंडलिकनगरच्या मागं आमचं छोटं रो-हाऊस आहे, त्याच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी. एकीवर मी, दुसरीवर नसीम. नसीम पिको-फॉल करते आणि दिवसभर बोलते. पाळीच्या दिवसांत मी पोटाला ओढणी करकचून बांधून मशीन चालवायची. गिऱ्हाइकाला वेदना सांगून चालत नाही. तिला शुक्रवारच्या लग्नाला ब्लाउज पाहिजे असतो.

शेवटी एका सोनोग्राफीत निघालं. दोन्ही अंडाशयांत गाठी, आणि त्यांचं नाव काय, तर चॉकलेट सिस्ट. आतलं जुनं रक्त साखळून तसं दिसतं म्हणे. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याचं पोट एकदाही दुखलं नसणार, हे मी लिहून देते. मोठ्या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलतीकडं वाढतं तो. ते मला नीट म्हणता यायलाच काही दिवस लागले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी मला आधी आनंद झाला. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी आईला फोन लावला. म्हटलं, "आई, सगळ्यांचं नसतं दुखत. माझं खरंच काहीतरी आहे."

 आई म्हणाली, "बरं. मग आता लेकरू होणार का नाही?"

मी फोन ठेवून दिला.

मिस्टरांना समजावलंय

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, गाठी काढल्या, वर्ष वाट पाहिली. काही नाही. म्हणून टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात गेलो. आमचं गाव तेव्हा नुसतं वाढत सुटलं होतं. जालना रोडवर जिकडं बघाल तिकडं दोनच प्रकारचे बोर्ड: चोवीस तास पाण्याचे फ्लॅट आणि खात्रीचं मातृत्व. ज्या शहरात चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो तिथं पहिल्या बोर्डावर हसू यायचं. दुसऱ्यावर नाही यायचं, कारण त्या बोर्डाखाली आम्ही गाडी लावत होतो.

डॉक्टर मॅडम बोलायला गोड. तपासणी झाली. मी पडद्यामागं साडी नीट करत होते आणि पडद्याच्या पलीकडं मॅडम माझ्या नवऱ्याला माझ्या शरीराबद्दल समजावत होत्या. माझ्या कानावर अर्धं-मुर्धं येत होतं. तीन इंजेक्शनं... दर महिन्याला एक... आजार झोपवायचा... मग आयव्हीएफ. मी पिन लावून, पदर सारखा करून बाहेर येईपर्यंत मॅडमनी फाइल मिटली होती.

मी म्हटलं, "मला जरा सांगता का?"

"मिस्टरांना सगळं समजावलंय," त्या हसून म्हणाल्या. "ते सांगतील तुम्हाला. टेन्शन घ्यायचं नाही."

मिस्टरांनी, म्हणजे संतोषनं, गाडीवर सांगितलं. संतोष शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. तिथं एक बोल्ट बदलायचा तर तीन जणांना विचारतात. मला मात्र सिग्नलला थांबलो तेव्हा सांगितलं, "तीन इंजेक्शनं हायत. पाळी बंद ठेवतेत. थोडी गरमी वाटंल म्हणे."

"अजून?"

"हाडांचं कायतरी म्हणल्या. कॅल्शियम घ्यायचं." सिग्नल सुटला.

हाडांचं कायतरी! माझ्या आईचं मनगट स्वयंपाकघरात नुसता हात टेकून बसताना मोडलं होतं. हाडं ठिसूळ झालीत, आतून पोकळ, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट मॅडमनी विचारली नाही, कारण विचारायचं कुणाला? समोर मिस्टर होते. मिस्टरांनी सांगितली नाही, कारण सासूचं मनगट त्यांच्या ध्यानात असायचं काही कारण नव्हतं. आणि मला कुणी विचारलंच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळत होतं आणि कळवलं जात होतं भलत्यालाच.

पुढच्या खेपेला माझ्यासमोर कागद सरकवला. मी सही केली. मूल हवं होतं हो. आतडं पिळवटून हवं होतं. त्या हवेपणात माणूस कशावरही सही करतं.

बोअर का इंजेक्शन

ते साल दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तोच उन्हाळा. आमच्या गल्लीत घरोघर बोअर घेणं चाललं होतं, आणि आम्हीही त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. त्यात माझ्या शिलाईचे आणि भिशीचेही होते. आत्याबाई कन्नडच्या शेतातून उठून आमच्याकडं राहायला आलेल्या. तिकडची विहीर आटली होती. त्यांचा एकच घोष: "आधी बोअर घ्या. बाकी समदं मंग."

तेच पैसे इंजेक्शनांना आणि पुढच्या आयव्हीएफला लागणार होते. आम्ही दोघं जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन बोलायचो, आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हणायची, इंजेक्शनाशिवाय थेट आयव्हीएफ होतं का ते विचारा. तेवढा खर्च वाचेल आणि हाडंही. संतोष म्हणायचे, "मॅडमनी सांगितलंय तर करू. आपण काय डॉक्टर हाय का?"

"त्यांनी फायद्याची खात्री दिलीय का?"

"खात्री कोण देतं? बोअरवाला तरी देतो का?"

हे मात्र खरं होतं. शेजारच्यांच्या बोअरला चारशे फुटांवर नुसता धुरळा निघाला होता. गाडीवाला म्हणाला, अजून शंभर जाऊ. गेले. धुरळाच. पैसे त्यानं फुटावर घेतले, पाण्यावर नाही.

शेवटी इंजेक्शन ठरलं आणि दुसरी गोष्ट ठरली ती अशी की आत्याबाईंना काही सांगायचं नाही. "आई गावभर करंल," संतोष म्हणाले. "दवाखान्यात पोर करतेत म्हणतील." आईला त्यांनी सांगितलं की आपल्या प्लॉटला पाणी लागत नाही असं पाणाडी, म्हणजे जमिनीखालचं पाणी बघणारा, म्हणतो. पाणाडी आलाच नव्हता. माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या मी बॉबिनच्या डब्यात ठेवायला लागले.

पाण्याचा दिवस

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्यातून झाला.

आत्याबाई पाळीचं पाळतात. त्या चार दिवसांत देवघराला आणि पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. बाकी सगळं करायचं. धुणं, झाडझूड, मशीन. देवाला विटाळ होतो, शिलाईच्या मशीनला होत नाही. नळ यायचा चार-पाच दिवसांनी, कधी पहाटे, कधी भर दुपारी. घरातलं पाणी भरायचं काम माझं. नळाला दाब नसायचा, म्हणून तो अंगणात खड्डा करून खाली घेतलेला; त्यात उतरून बादली भरायची आणि उचलून ड्रममध्ये ओतायची. माझी पाळी असली की आत्याबाई स्वतः भरायच्या, गुडघे धरून, कण्हत, आणि वर मला ऐकवत. त्यांचे गुडघे दुखतात हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पण माझं दुखणं पाळीच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू व्हायचं. ते दिवस नियमात बसत नव्हते. डोळ्यांपुढं काजवे चमकत असताना मी त्या खड्ड्यातून बादल्या उपसल्या आहेत. एकदा तिथंच खाली बसले तर आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं माय, नळ जाईल ना! बसायला काय झालं?" कुणी उठून माझ्या हातातली बादली घेतली नाही. संतोष घरात होते. पेपर वाचत होते.

मे महिन्यात शेकोटी

पहिलं इंजेक्शन पाळीतच घेतलं, ती पाळी सरली आणि पुढची आलीच नाही. आणि काय सांगू, दुखणंही थांबलं. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटाला पोट असल्याची आठवण नव्हती. एवढं श्रेय त्या इंजेक्शनाला देते. खोटं कशाला बोलू?

पण त्याची किंमत लगेच वसूल झाली. मे महिना, मशिनींच्या खोलीवरचा पत्रा तापलेला, आणि माझ्या आतून कुणीतरी चूल पेटवल्यासारखी छातीतून आग उठायची, मानेवरून डोक्यात जायची आणि घामानं मी निथळून निघायची. मग लगेच थंडी वाजायची. झोप नाही. बोटांची पेरं सकाळी आखडलेली, कात्री धरता येईना. कुणी हळू बोललं तरी रडू. एका गिऱ्हाइकानं बाही सैल झाली म्हटलं तर मी तिच्यासमोर हुंदके दिले. ती बिचारी म्हणाली, राहू द्या ताई, सैलच बरी.

नसीम मला बघायची. तिनं ओला टॉवेल माझ्या मानेवर टाकला आणि टेबलफॅन माझ्याकडं वळवला.

"तुला पण लागेल की," मी म्हटलं.

"मेरेकू नक्को. मैं तो धूपमें पली. तुम लेव हवा." आणि मग हसून, "भाभी, सब ठीक होताय. सबर रखो."

कशाचं ठीक होताय ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

याच सुमाराला आत्याबाईंमध्ये फरक पडला. जेवताना त्या माझ्या ताटात तुपाचा चमचा जास्त घालू लागल्या. बाजारातून कैऱ्या आणल्या आणि मीठ-मिरची लावून मशीनवर आणून ठेवल्या. मी घामाघूम झाले की पदरानं वारा घालायच्या. आणि पाण्याच्या दिवशी मी खड्ड्यात उतरले तर ओट्यावरून ओरडल्या, "ठेव ती बादली! वर ये आधी. संत्या, तू भर पाणी."

संतोषनं भरलं. 

मला वाटलं, बाई सुधारली. म्हातारपणी माणसाला दया येते. त्या आठवड्यात मी नसीमला म्हटलंही, "आमच्या आत्याबाई मनानं वाईट नाहीत हं." नसीम दोरा तोडत नुसती हसली. किती मूर्ख असावं माणसानं! ज्या बाईनं माझ्या पाळीवर एवढी वर्षं पहारा ठेवला, तिला दोन महिने मी एकदाही बाजूला बसले नाही, दर पाण्याला मीच आहे, हे दिसणार नाही का? पाळी नाही, घाम फुटतोय, रडतेय, कैऱ्या आवडीनं खातेय. त्यांच्या हिशेबानं सगळे डोहाळेच होते.

चोळी

आमच्याकडं तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात. अजून बाहेर कुणाला सांगायचं नसतं, म्हणून गाजावाजा न करता सासू सुनेला हिरवी चोळी देते, ओटी भरते. माझ्या दुकानात मी अशा किती शिवल्यात! पुढं उसवून मोठी करता यावी म्हणून बाजूच्या शिलाईत जास्तीचं कापड आत सोडायचं असतं.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला हाक मारली. देवघरापुढं पाट मांडलेला. "बस," म्हणाल्या. मला वाटलं कसला तरी उपास असेल. बसले. त्यांनी कुंकू लावलं, पदर पसरायला लावला आणि त्यात गहू घातले, मग नारळ, खारका, हळकुंडं. मग पिशवीतून चोळी काढली.

मी ती हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. नसीमची शिलाई. मी ओळखणार नाही का? बाजूला दोन बोटं कापड आत सोडलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तूप, कैऱ्या, पदराचा वारा, बादली. सगळं.

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "लई वाट बघितली गं," म्हणाल्या. "तू सांगायचं नाय म्हणून नाय सांगितलं, समजते मी. नजर लागती. पन माझ्यापासून लपतंय व्हय?"

तेवढ्यात संतोष ड्यूटीवरून आले. दारात थांबले. पाट बघितला, पदरातला नारळ बघितला, चोळी बघितली. त्यांना सगळं कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. म्हटलं आता बोलतील. आई त्यांची, लपवाछपवी त्यांची.

ते म्हणाले, "घे की. आईचं मन ठेव."

मला आजही तो आवाज ऐकू येतो. आईचं मन ठेव. पाण्याचे पैसे घ्या, पाळी बंद करा, हाडं पोकळ करा, मे महिन्यात आतून भाजून काढा, आणि वर आईचं मन पण मीच ठेवायचं?

"मला दिवस गेलेले नाहीत, आत्याबाई," मी म्हटलं. "इंजेक्शन देऊन पाळी बंद केलीय. मूल राहावं म्हणून. राहीलच असंही नाही. पैसे बोअरचे होते. पाणाडी आलाच नव्हता."

आत्याबाईंचा हात अक्षतांच्या ताटलीवर तसाच राहिला. "काय म्हनते ही?" त्यांनी लेकाला विचारलं. लेक बूट काढायला खाली वाकले.

"मंग ते घाम, ते रडनं?"

"इंजेक्शनाचं."

"कैऱ्या लई गोडीनं खाल्ल्यास की."

"कैरी कुणालाही आवडते, आत्याबाई!"

मग त्यांच्या तोंडाचा जो पट्टा सुटला, गल्लीनं ऐकला. मला बोलल्या, लेकाला बोलल्या, डॉक्टरणीच्या सात पिढ्यांना बोलल्या. "माझ्या पान्याचे पैशे सुईत घातले! मला इचारलं काहून नाय?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नगं म्हनले असते!"

निदान खरं बोलल्या. त्या घरात त्या संध्याकाळी तेवढं एकच सरळ उत्तर मिळालं.

मी पदरातलं सगळं ताटलीत परत ओतायला लागले तर त्यांनी हात धरला. "भरलेली ओटी परत घेत नसतेत," म्हणाल्या आणि आत गेल्या. ते गहू मी दळणात टाकले. चोळी कपाटात.

पुढच्या पाण्याच्या दिवशी बादली परत माझ्या हातात. ओट्यावरून कुणी ओरडलं नाही. त्या बादलीचा राग मला इंजेक्शनापेक्षा जास्त आला. माझ्या वीस वर्षांच्या वेदनेला जी दया मिळाली नाही, ती नसलेल्या बाळाला महिनाभर मिळाली होती.

अजून शंभर फूट

तिसरं इंजेक्शन घ्यायचं का? दोन झालीच होती. आता सोडलं तर आधीची वाया. बोअरवाल्याचं म्हणणं हेच असतं, आणि ते कळत असूनही मी ते घेतलं.

आयव्हीएफची हकिकत लांबवत नाही. रोज सकाळी पोटात सुया, एक दिवस बेशुद्ध करून अंडी काढली. अपेक्षेपेक्षा फार कमी निघाली. एक गर्भ तयार झाला, तो माझ्या पिशवीत सोडला. दोन आठवडे मी शिंकसुद्धा दाबून दिली. मग रक्ताची तपासणी आणि फोनवर एका मुलीचा आवाज, "मॅडम, निगेटिव्ह आहे, मॅडमना येऊन भेटा." त्या वेळी मी एका बाईची छाती मापत होते. टेप तिच्याच अंगावर राहिला. नसीमनं येऊन तो काढला, माप लिहिलं, आणि त्या बाईला उद्या या म्हणून सांगितलं.

संतोष त्या दिवशी रडले. खरं खरं, मशीनच्या स्टुलावर बसून. त्यांनाही मूल हवं होतं, हे मी विसरत नाही. पण रडून झाल्यावर म्हणाले, "मॅडम म्हणतेत परत तीन इंजेक्शनं घेऊन एकदा करू." म्हणजे मी मुसमुसत असताना त्यांनी फोनवर परत समजून घेतलं होतं!

बाहेर बसलेत

या खेपेला मी आधी हाडांची तपासणी करून घेतली. कुणी सांगितली नव्हती, मीच केली. माझ्या वयाला असायला पाहिजेत तेवढी घट्ट नाहीत, असं निघालं. मग दवाखान्यात गेले. संतोषना बाकड्यावर बसवलं आणि एकटी आत गेले.

मॅडमनी दाराकडं बघितलं. "मिस्टर कुठायत?"

"बाहेर बसलेत. मला सांगा. मी त्यांना समजावते."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं, आणि सांगते तुम्हाला, त्यानंतर त्या चांगल्या बोलल्या. मी आईचं मनगट सांगितलं. रिपोर्ट पुढं ठेवला. विचारलं, ही इंजेक्शनं घेतल्यानं मूल राहायची शक्यता नक्की वाढते का? त्या म्हणाल्या, काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही, तुम्हाला होईल का ते मला सांगता येत नाही. न घेता करता येतं का? येतं. मग अंडी कमी निघाली ती यामुळं का? असूही शकतं, आधीच्या गाठींमुळं पण असू शकतं, ऑपरेशनमुळंही. आणि माझ्या हाडांना? त्या म्हणाल्या, हा रिपोर्ट आधी बघितला असता तर मी दोनदा विचार केला असता.

"आईचं मनगट आधीही मोडलेलंच होतं, मॅडम," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारलं नाही."

 त्या सॉरी म्हणाल्या नाहीत, पण मान खाली घातली.

दुखण्यावर रोजची एक गोळी होती. तिचेही त्रास होते, तेही त्यांनी या वेळी मला सांगितले. ती चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत. म्हणजे निवड सरळ होती. मुलासाठी परत तोच खेळ, कदाचित इंजेक्शनाशिवाय, कमी अंड्यांवर. नाहीतर गोळी, आणि बिनदुखण्याचे दिवस, आणि मूल नाही. आत्ता तरी नाही, आणि माझ्या वयाला आत्ता नाही म्हणजे बहुतेक कधीच नाही.

मी गोळी निवडली. तुम्ही हेच करा असं मी म्हणत नाही. माझ्या जागी दुसरी कुणी परत उभी राहिली तर तिला माझा सलाम. पण विचारा. तुमच्या तोंडानं, तुमच्या कानांनी. मिस्टरांना बाहेर बसवा.

बाकड्यावर मी संतोषना सगळं समजावलं, सावकाश, हाडांसकट. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे आता मूल नाही?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरमधल्या गोऱ्या बाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "चल घरी."

आत्याबाईंना मी स्वतः सांगितलं, त्याच दिवशी, स्वयंपाकघरात. "मंग नातू?" त्यांनी विचारलं. "नाही, आत्याबाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली ती करपेपर्यंत उलटली नाही. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

नळ आला

गोळी पुढच्या पाळीपासून सुरू करायची होती. पाळी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी नळ आला.

पोटात सुरी फिरत होती. मी खड्ड्यात उतरले, पहिली बादली भरली, उचलली. मनगटाकडं लक्ष गेलं. आईचं मनगट आठवलं. आत्याबाई ओट्यावर बसलेल्या, तोंड फिरवून. संतोष आत, सुट्टीचा दिवस, झोपलेले.

मी बादली खाली ठेवली. माझा आवाज चढला. "आत्याबाई, दुखतंय मला. तुम्हाला हे दुखणं दिसत नसेल तर आजच्या दिवस समजा मी पोटुशी आहे. पण ही बादली कुणीतरी घ्या!"

त्यांनी मान वळवली. मला वाटलं आता शिव्या. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, वाकलेल्या कमरेकडं, पोटावर दाबलेल्या हाताकडं. नळ चालूच होता, पाणी खड्ड्यात वाहून चाललं होतं, आणि त्या दुष्काळात पहिल्यांदाच त्या बाईनं त्यावर एक शब्द काढला नाही.

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आतल्या खोलीकडं तोंड करून अशा ओरडल्या की शेजारची बाई दारात आली.

"संत्या! ऊठ की रं मुडद्या! बायकूला दिवस गेलेत तुझ्या, अन् तू लोळतूस? बादली उचल!"

शेजारीण आनंदानं तोंडावर हात ठेवून बघायला लागली. आत्याबाईंनी तिला काही सांगितलं नाही, मीही नाही. संतोष डोळे चोळत बाहेर आले आणि खड्ड्यात उतरले.